ध्यान शिबिरातला मुक्काम



आपल्याकडे माणूस पाहुणा म्हणून कुठे गेला, की त्याचे तीन प्रकारांनी आदरातिथ्य होते. त्याला जेवू घालतात, झोपायला जागा देतात आणि त्याच्याशी गप्पा मारतात. आज मी तुम्हाला अशा एका मुक्कामाची हकीकत सांगणार आहे, की जिथे पहिल्या दोन गोष्टी मिळतात, पण तिसरी मुळीच मिळत नाही. तिथे कुणी तुमच्याशी बोलत नाही आणि तुम्हीही कुणाशी बोलायचे नाही. वर्तमानपत्र नाही, पुस्तक नाही, मोबाइल नाही, खिशात पेन्सिलसुद्धा नाही. असे दहा दिवस काढायचे. आणि या मुक्कामाचे पैसे किती? तर काहीच नाही. उलट, पहिल्यांदा येणाऱ्याने आधीच पैसे देऊ केले, तर ते घेतच नाहीत.

हा मुक्काम म्हणजे इगतपुरीच्या धम्मगिरीवरचे विपश्यना शिबिर. ‘विपश्यना’ हा शब्द अलीकडे खेड्यापाड्यांतूनही कानावर येतो. कुणी म्हणतो ती समाधी आहे, कुणी म्हणतो ती हवापालट आहे, आणि कुणी म्हणतो शहरातल्या रिकामटेकड्या लोकांचे ते एक खूळ आहे. मी स्वतः जाऊन राहिलो, तेव्हा या तिन्ही समजुती चुकीच्या ठरल्या. तिथे जे चालते त्याला माझ्या मते एकच साधा शब्द लागू पडतो, आणि तो म्हणजे काम. बसून करायचे, पण घाम काढणारे काम.

मी तिथे का गेलो, ते आधी सांगायला हवे. मी काही साधक वगैरे नव्हे. तालुक्याच्या गावी कॉलेजात इतिहास शिकवतो. गावाकडे आम्हा दोघा भावांची वडिलोपार्जित जमीन आहे आणि दोघांत मिळून एक विहीर. धाकटा भाऊ गावी राहून शेती करतो. माझ्या वाटणीची जमीन वाटेकरी करतो. विहिरीचे पाणी चार दिवस त्याचे आणि चार दिवस माझे, अशी पाळी वडिलांनी लावून दिली होती. एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेले, वीज रात्रीची येऊ लागली, आणि माझ्या पाळीच्या दिवसांत भावाने स्वतःची मोटार चालू ठेवली. माझा कांदा वाळला. शब्दाने शब्द वाढला. दिवाळीपर्यंत आमचे बोलणे बंद होते. शेवटी मी वकिलाकडून नोटीस लिहून घेतली. ती टपालात टाकायची तेवढी राहिली होती. रात्री झोप म्हणून लागत नसे. माझ्या एका सहकाऱ्याने हे पाहिले आणि तो म्हणाला, “सर, सुटीत दहा दिवस इगतपुरीला जाऊन या. नोटीस काय, कुठे पळून जात नाही.”

मी अर्ज केला, जागा मिळाली आणि निघालो. वाटेत एक दिवस नाशिकला थांबलो. शहराजवळच्या डोंगरात पांडवलेणी आहेत. इतिहासाच्या मास्तराला तिथे गेल्याशिवाय राहवत नाही. नाव पांडवांचे असले तरी ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात मधे मोठी चौकोनी जागा आणि तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या आहेत. अशा एका खोलीत मी पाच मिनिटे बसलो. एक माणूस बसेल, निजेल, यापलीकडे त्या खोलीत काही मावणार नाही.

या खोल्या कशासाठी? इथे थोडा मागचा इतिहास सांगतो, आणि तो शेतकरी मंडळींना विशेष आवडेल. बुद्धाच्या काळी भिक्षू बाराही महिने गावोगाव फिरत असत. विनयपिटक या ग्रंथात अशी कथा आहे की लोकांनी याबद्दल कुरकुर केली. पावसाळ्यात पाखरेसुद्धा घरटी बांधून एका जागी राहतात. आणि हे भिक्षू मात्र हिरवे कोवळे गवत तुडवीत, बारीकसारीक जीव चिरडीत हिंडतात, हे काय, असे लोक म्हणू लागले. ते बुद्धाच्या कानावर गेले, आणि पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एकाच ठिकाणी राहावे असा नियम त्याने घालून दिला. यालाच वर्षावास म्हणतात. आषाढी पौर्णिमेनंतर तो सुरू होतो. पुढे या मुक्कामांसाठी निवारे झाले, विहार झाले, आणि आपल्या सह्याद्रीत तर भाजे, कार्ले, कान्हेरी, नाशिक अशा ठिकाणी डोंगरच कोरून काढले. म्हणजे बघा, रानातले हिरवे तुडवू नका एवढ्या एका तक्रारीतून ही मुक्कामाची रीत सुरू झाली.

या दहाव्या लेण्याच्या ओसरीत एक शिलालेख आहे. तो शिक्षकांनी वर्गात गणितासाठीसुद्धा वापरावा असा आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हे लेणे संघाला दान दिले. नुसते लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापण नावाची नाणी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांतले दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना दर माणशी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, असे त्यात लिहिले आहे. आता हिशेब करा. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा दिले की बरोबर दोनशे चाळीस. एक नाणे उरत नाही की कमी पडत नाही. माणूस शांतपणे डोळे मिटून बसायचा असेल, तर त्याच्या अंगावरच्या कापडाची सोय कुणीतरी हिशेबाने केलेली असावी लागते, हे त्या शिलालेखाने मला तिथेच शिकवले. पण त्याचा खरा अर्थ पुढे दहा दिवसांनी कळला.

नाशिकहून गाडीने इगतपुरी तासाभराच्या वाटेवर. कसाऱ्याचा घाट चढून मुंबईची गाडी जिथे वर येते, तेच हे गाव. डोंगराच्या कुशीत धम्मगिरी आहे. सोनेरी रंगाचा पगोडा लांबूनच दिसतो. दुपारी पोचलो. नाव नोंदवले, एक अर्ज भरला. त्यात प्रकृतीबद्दल, औषधांबद्दल, मनाच्या आजाराबद्दल प्रश्न होते. मोबाइल, वही, पुस्तक, सारे जमा केले. पिशवीतली नोटीससुद्धा पाकिटात घालून दिली. पुरुषांची आणि स्त्रियांची व्यवस्था अगदी वेगळी. संध्याकाळी हलके खाणे झाले, आणि पाच नियम स्वीकारायला सांगितले. जीवहत्या करायची नाही, चोरी करायची नाही, ब्रह्मचर्य पाळायचे, खोटे बोलायचे नाही, नशापाणी करायचे नाही. शिबिर पुरे होईपर्यंत जागा सोडायची नाही, हेही कबूल करायचे. त्यानंतर मौन सुरू झाले. त्याला ‘आर्य मौन’ म्हणतात. नुसते तोंड बंद नव्हे, तर हातवारे, खुणा, चिठ्ठ्या, सर्व बंद. मात्र काही अडचण असेल तर व्यवस्थापकाला आणि साधनेबद्दल शंका असेल तर आचार्यांना विचारता येते.

दिवसाचा क्रम असा असतो. पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान. मग न्याहारी. आठ ते अकरा पुन्हा ध्यान. अकराला जेवण, मग थोडी विश्रांती. दुपारी एक ते पाच ध्यान. पाचला चहा आणि नव्या लोकांना थोडे फळ किंवा चुरमुरे. पूर्वी शिबिर केलेल्यांना दुपारी बारानंतर जेवण नाही, फक्त सरबत. सहा ते सात ध्यान. सात वाजता सव्वा तासाचे प्रवचन, पुन्हा थोडे ध्यान, आणि साडेनऊला निजायचे. बेरीज केली तर दिवसाला दहा तासांहून जास्त बैठक होते. जेवण साधे, शाकाहारी, पोटभर.

आता ध्यान म्हणजे करायचे काय? पहिले साडेतीन दिवस एकच काम, श्वास पाहायचा. याला आनापान म्हणतात. श्वास कोंडायचा नाही, लांबवायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कुठलेही नाव वा मंत्र जोडायचा नाही. तो जसा आत येतो आणि जसा बाहेर जातो तसा नाकपुड्यांपाशी नुसता जाणायचा. ऐकायला हे पोरखेळासारखे वाटते. करून पाहा. माझे मन तिसऱ्या श्वासाला विहिरीवर जाऊन पोचले होते. परत आणावे, तो ते वकिलाच्या कचेरीत. परत आणावे, तो भावाच्या अंगणात. सांगणारे मात्र म्हणत होते की मन पळाले म्हणून चिडू नका. पळाले हे कळले, एवढे पुरे. पुन्हा श्वासावर आणा. नव्या खोंडाला दावणीची सवय लावताना आपण जे करतो, तेच हे. तो दहादा ओढ घेतो, आपण दहादा परत आणतो. मारले तर बिघडतो आणि सोडले तर रानात जातो.

दुसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागले. पाठ म्हणजे जणू सुकलेले लाकूड. ज्यांना खाली बसणे जमत नाही त्यांना खुर्ची देतात. मी हट्टाने खालीच बसलो. तिसऱ्या दिवशी आमच्या रांगेतला एक गृहस्थ सामान घेऊन निघून गेला. मलाही त्या रात्री जावेसे वाटले. गेलो नाही, याचे कारण वैराग्य नव्हे. परत गेल्यावर सहकाऱ्यांना तोंड कसे दाखवायचे, ही लाज होती. माणूस चांगल्या ठिकाणी कधी कधी अशा क्षुल्लक कारणानेही टिकतो.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. पालीत हा शब्द ‘विपस्सना’ असा आहे. विशेष रीतीने पाहणे, जसे आहे तसे पाहणे, असा त्याचा अर्थ. डोक्यापासून पायांपर्यंत आणि पायांपासून डोक्यापर्यंत शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवायचे, आणि तिथे जी काही संवेदना असेल ती जाणायची. खाज, उष्णता, मुंग्या, ठणका, धडधड, काहीही असो. सुखाची असली तर तिला धरून ठेवायचे नाही, दुःखाची असली तर तिच्यावर चरफडायचे नाही. ती उत्पन्न होते आणि जाते, अनित्य आहे, एवढे अनुभवाने पाहायचे. पुढे दिवसातून तीनदा एक एक तास हात, पाय वा डोळे न हलवता बसायचे असते. त्याला अधिष्ठान म्हणतात.

याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. संयुत्त निकायात बुद्धाने दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, ते शरीराचे दुखणे. मग तो त्या दुखण्यावर शोक करतो, चिडतो, हाय खातो. तो दुसरा बाण. पहिला बाण कुणालाच चुकत नाही, पण दुसरा आपण आपल्याच हाताने मारून घेतो. मी हा दृष्टांत पूर्वी वाचला होता. पण गुडघ्याच्या ठणक्यात एक तास न हलता बसलो, तेव्हा मला दुखणे आणि दुखण्यावरचा त्रागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे प्रथमच दिसले. त्रागा थांबला की दुखणे उरते, पण ते निम्म्याने हलके होते.

पाचव्या की सहाव्या दिवशी पहाटेची गोष्ट. भावाशी मनातल्या मनात माझे भांडण चालू होते. मी त्याला सुनावत होतो, तो निरुत्तर होत होता. असे भांडण आपण सगळेच करतो, आणि त्यात आपण नेहमी जिंकतो. इतक्यात सूचना आठवली, म्हणून मी शरीराकडे पाहिले. जबडा घट्ट आवळलेला. छातीत गरम कढ आल्यासारखे. तळहातांना घाम. मी वाक्ये सोडून दिली आणि तो कढ नुसता पाहत राहिलो. तो वाढला, थांबला, आणि हळूहळू ओसरला. सारे मिळून थोडा वेळ. मला आश्चर्य वाटले. जो राग मी सहा महिने बाळगून होतो, तो स्वतःच्या बळावर पाच-दहा मिनिटेही टिकत नव्हता. मग तो सहा महिने टिकला कसा? मी रोज नवे वाक्य टाकून त्याला सरपण पुरवीत होतो, म्हणून. त्या दिवशी तो पुन्हा सतरा वेळा आला असेल. पण एकदा चोर ओळखला की तो दुसऱ्यांदा पाहुणा म्हणून घरात शिरत नाही.

माझा कांदा वाळला हे खोटे नव्हते. भावाची चूक होती, ती ध्यानाने पुसली गेली नाही, आणि जाऊही नये. अन्याय निमूटपणे सोसा, असे ही विद्या सांगत नाही. जे करायचे ते जळत्या डोक्याने करू नका, एवढेच ती सांगते.

ही पद्धत आपल्याकडे कशी आली, तेही थोडक्यात सांगतो. मूळ भारतातलीच, पण ती इथे लोपली आणि ब्रह्मदेशात काही गुरुशिष्यांनी जपली. तिथे लेडी सयाडॉ नावाचे विद्वान भिक्षू १८४६ ते १९२३ या काळात होऊन गेले. ध्यान फक्त भिक्षूंसाठी नव्हे, संसारी माणसांसाठीही आहे, असे त्यांनी मानले. त्यांचे शिष्य सया तेजी हे चक्क शेतकरी होते. त्यांच्यापासून ऊ बा खिन शिकले, आणि ते तर सरकारी नोकर. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तिथले महालेखापाल झाले. दिवसा सरकारचा जमाखर्च आणि उरलेल्या वेळात लोकांना ध्यान शिकवणे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्याकडे १९५५ साली सत्यनारायण गोयंका नावाचे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी डोकेदुखीला कंटाळून गेले. गोयंका १९६९ साली भारतात आले आणि त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले; त्यात त्यांचे आईवडीलही बसले होते. पुढे १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र चालू झाले. गोयंका २०१३ साली वारले. संध्याकाळचे प्रवचन आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवतात. म्हणजे एक भिक्षू, एक शेतकरी, एक हिशेबनीस आणि एक व्यापारी, अशा चौघांच्या हातांतून ही गोष्ट आपल्या घरी परत आली.

आपल्या मराठी मुलखातला एक प्रवासी मात्र याच्याही खूप आधी या शोधात निघाला होता. धर्मानंद कोसंबी हे गोव्यातल्या साखवाळचे. घरदार सोडून, पैसा जवळ नसताना, बौद्ध धर्म शिकण्यासाठी ते निघाले आणि १९०२ साली सिंहलद्वीपाला पोचले; नंतर ब्रह्मदेशातही जाऊन राहिले. मी गाडीत गादीवर बसून एका दिवसात पोचलो, याची त्यांच्या आठवणीने थोडी लाज वाटली. आणि १९५६ साली नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, दिली, तेव्हापासून तर महाराष्ट्रातल्या लाखो घरांशी बुद्धाचे नाव जोडले गेले आहे. शिबिरात मात्र धर्म बदलायला सांगत नाहीत. आमच्या शिबिरात वारकरी होते, जैन होते, बौद्ध होते, एक ख्रिस्ती शिक्षकही होते, हे मौन सुटल्यावर समजले. श्वासाला जात नसते, हे तिथे कुणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नाही.

बौद्ध ध्यानाचे मुक्काम सगळीकडे एकाच पद्धतीचे असतात असे मात्र समजू नका. ब्रह्मदेशात महासी सयाडॉ यांच्या पद्धतीत पोटाचे वर-खाली होणे पाहतात, आणि बसण्याइतकेच महत्त्व सावकाश चालण्यालाही देतात. थायलंडात बुद्धदास भिक्षूंनी १९३२ साली स्थापलेल्या सुआन मोक्ख या वनातल्या आश्रमाच्या शिबिरांत उशीसुद्धा लाकडाची असते. जपानात झेन पंथाच्या सोतो शाखेचे लोक भिंतीकडे तोंड करून बसतात. रीत निराळी, पण लवकर उठणे, थोडे खाणे, गप्प राहणे आणि स्वतःला पाहणे, या चार गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्याच.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीची साधना शिकवतात. आपल्याला जे काही मिळाले ते सर्वांना मिळो, अशी भावना मनात आणायची. त्यानंतर मौन सुटते. शंभर माणसे एकदम बोलू लागली की कसा आवाज होतो, विचारू नका. सूर्योदयाचे पिंपळाचे झाड बरे! त्या गडबडीत मी भोजनालयातल्या एका सेवकाशी बोललो. दहा दिवस तो आम्हाला वाढत होता, आणि मागे भाज्या चिरीत होता. मी समजत होतो की तो पगारी माणूस आहे. तो निघाला निफाडकडचा शेतकरी. स्वतःची कामे घरच्यांवर सोपवून दहा दिवस फुकट राबायला आला होता. मी म्हटले, “अहो, ऐन कामाच्या दिवसांत कसे काय आलात?” तो हसून म्हणाला, “सर, मी पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्यासाठी कुणीतरी चिरलीच होती की भाजी. तो कोण होता, मला ठाऊक पण नाही.”

तेव्हा मला नाशिकचा शिलालेख आठवला आणि त्याचा अर्थ उलगडला. शिबिराला शुल्क नाही याचे कारण हेच. तुमचा खर्च तुमच्या आधी बसून गेलेल्या अनोळखी माणसांनी भरलेला असतो. शिबिर पुरे केल्यावर वाटले, तर तुम्ही पुढच्याचा भरायचा. पैशाने, नाहीतर हातांनी. त्यामुळे गिऱ्हाइकासारखी तक्रार करता येत नाही. दहा दिवस मी कुणाच्या तरी उपकारावर जेवलो, आणि त्या माणसाचे नाव मला कधीही कळणार नाही. जो माणूस असे अन्न खातो, त्याला सख्ख्या भावाशी चार दिवसांच्या पाण्यावरून ताणून धरणे जरा जड जाते.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी, आणि त्या मी मुद्दाम सांगतो. पहिली अशी, की ज्यांना मनाचा गंभीर आजार आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा कडक शिबिराला जाऊ नये. अर्जातले प्रश्न उगीच नसतात. त्यांची खरी उत्तरे द्यावीत. इतका वेळ गप्प बसल्यावर काहींना भीती, बेचैनी, निद्रानाश असा त्रास होऊ शकतो. तसे झाले तर लपवू नये, लगेच सांगावे. चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ध्यान हे वैद्याच्या जागी नाही. दुसरी गोष्ट, चमत्काराच्या अपेक्षेने जाऊ नये. शेजाऱ्याला तिथे प्रकाश दिसला म्हणून मला दिसेल, ही आशा धरली, की दहा दिवस वाया गेलेच समजा.

आणि ज्यांना घर, जनावरे, दूध, पाणी सोडून दहा दिवस जाणे शक्य नाही, त्यांनी काय करावे? बहुतेक श्रोत्यांची स्थिती तीच आहे. त्यांनी रोज दहा मिनिटे श्वास पाहावा. पहाटे धार काढायच्या आधी, किंवा रात्री वीज येण्याची वाट पाहत मोटारीपाशी बसला असाल तेव्हा. शिक्षकांना सांगतो, की तास सुरू होण्याआधी पाच मिनिटे मुलांना डोळे मिटून नुसता श्वास जाणू द्या. मी माझ्या वर्गात ते करतो. मुले हुशार होतात असा माझा दावा नाही; मास्तर थोडा कमी ओरडतो, एवढे नक्की.

राहिली विहिरीची गोष्ट. अकराव्या दिवशी सकाळी मला माझे पाकीट परत मिळाले. मी घरी न जाता थेट गावी गेलो. भाऊ ओसरीवर बसला होता. मी म्हटले, “पाळी नीट कागदावर लिहून काढू या का?” तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, वीज रात्री दोनला यायची. तुमचा वाटेकरी उठायचा नाही. दोघांचंही वाळण्यापेक्षा एकाचं तरी वाचवावं, असं वाटलं मला. विचारायला हवं होतं, हे खरं.” हे कारण मी सहा महिन्यांत एकदाही ऐकून घेतले नव्हते, कारण मी त्याला बोलूच दिले नव्हते. आम्ही पाळी लिहिली. वीज रात्रीची असेल तेव्हा काय करायचे, तेही लिहिले. वाळलेल्या कांद्याचे पैसे मला मिळाले नाहीत. त्याची आठवण झाली की अजूनही छातीत तो गरम कढ येतो. फरक इतकाच, की आता तो येताना मला कळतो, आणि मी त्याच्यावर सरपण टाकत नाही. नोटीस अजून कपाटात आहे. तिच्या कोऱ्या बाजूवर आमच्या वहिनींनी, म्हणजे भावाच्या सासरकडच्या थोरल्या जावेने नव्हे, तर माझ्याच घरातल्या बाईंनी, वाण्याची यादी लिहून ठेवली आहे.